स्वदेशीची कसोटी बॉनेटखाली

२७ ऑगस्ट २०२५. गणेशचतुर्थीचा दिवस. घरोघरी श्रींची प्राणप्रतिष्ठा होत असतानाच अमेरिकेने भारतीय मालावर लादलेले ५० टक्के आयातशुल्क त्या दिवशी लागू झाले आणि 'स्वदेशी' हा शब्द पुष्कळ वर्षांनी पुन्हा दिवाणखान्यात उच्चारला जाऊ लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा खनिजांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते आणि आपल्या मोटार कारखानदारांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मुठीत मावेल एवढ्या भागासाठी अवाढव्य कारखाना परक्याच्या तोंडाकडे कसा पाहू लागतो, याचे ते उदाहरण होते. यातून आपण काही शिकलो काय? आपल्या स्वदेशीच्या याद्या अजूनही साबण आणि दंतमंजन यांच्यापाशीच थांबतात. घराखालोखाल ज्या वस्तूवर मध्यमवर्गीय कुटुंब सर्वाधिक पैसा खर्च करते, ती मोटार मात्र या विचाराच्या कक्षेबाहेर दारात उभी असते.

त्यातही जुनी मोटार. नवी गाडी न परवडणारी असंख्य कुटुंबे दुसऱ्याने सात-आठ वर्षे वापरलेली गाडी घेतात. गाडीची किंमत एकदाच मोजावी लागते. तिच्या सुट्या भागांची किंमत पुढे दहा वर्षे मोजावी लागते. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग, वायपर, बॅटरी, पट्टा असा हा अखंड चालणारा खर्च आहे. हा पैसा कोणाच्या खिशात जातो, कोणाच्या अटींवर जातो आणि त्या बदल्यात आपल्या हाती काय पडते, हा प्रश्न आपण विचारत नाही. जी वस्तू आपल्या नावावर आहे, परंतु जी उघडण्याचे, समजून घेण्याचे आणि दुरुस्त करण्याचे स्वातंत्र्य आपल्याला नाही, तिचे आपण मालक की भाडेकरू? स्वदेशीची खरी कसोटी शोरूमच्या काचेमागे लागत नाही, ती बॉनेटखाली लागते, असे आमचे म्हणणे आहे.

बंद दाराचा व्यापार

एक साधा अनुभव सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी अकरा वर्षे वयाची, दुसऱ्याच्या हातून आलेली एक लहान मोटार आहे. खड्ड्यातून जाताना तिच्या पुढच्या चाकाकडून खडखड आवाज येऊ लागला. गाडी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेली. तेथील तरुणाने निदान अचूक केले : लोअर आर्मचा रबरी बुश झिजला आहे. परंतु बुश वेगळा मिळत नाही, संपूर्ण आर्म बदलावा लागेल, असे त्याने सांगितले. बरे, आर्म विकत द्या, आम्ही बसवून घेऊ, असे म्हटले, तर उत्तर मिळाले, "भाग बाहेर देत नाही साहेब. गाडी इथेच ठेवावी लागेल." तेथून पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने जुन्या भागावरील क्रमांक पाहिला, आत जाऊन एक छोटे खोके आणले. त्यावर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचा पत्ता होता. गल्लीतल्या मेकॅनिकने प्रेसवर जुना बुश काढून नवा दाबून बसवला. सारा खर्च केंद्राने सांगितलेल्या रकमेच्या चौथाईतही आला नाही आणि आवाज गेला तो गेलाच.

हा एखाद्या केंद्राचा उद्धटपणा असता, तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ही एक व्यवस्था आहे आणि ती नोंदली गेलेली आहे. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे नेमकी हीच तक्रार नेली. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल १४ मोटार कंपन्यांना दोषी धरून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि गाडीतील दोष शोधण्याची उपकरणे या कंपन्या खुल्या बाजारात सहज मिळू देत नाहीत. स्वतंत्र गॅरेजवाल्याला आणि गाडीच्या मालकालाही त्या अडवून धरतात आणि या अडवणुकीच्या बळावर भागांच्या किमती चढवतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे प्रकरण अपिलांत गेले. २०१६ साली अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत दोष कायम ठेवला, दंडाची गणना मात्र सौम्य केली. कंपन्यांच्या वकिलांना वेळ असतो. बिघडलेली गाडी घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थाला तो नसतो.

या चौदांमध्ये परदेशी कंपन्या होत्या, तशाच ज्यांना आपण अभिमानाने आपल्या म्हणतो अशाही होत्या, हे लपवण्याचे कारण नाही. स्वदेशी म्हणजे देशी भांडवलदाराला दिलेले अभयपत्र नव्हे. १९९१ नंतर खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या अर्थपंडितांनी त्याच वर्षी नागपुरात स्थापन झालेल्या स्वदेशी जागरण मंचाची टिंगल करण्यात धन्यता मानली. स्वदेशीवाले देशाला बैलगाडीच्या युगात नेणार, असा त्यांचा आक्षेप असे. त्यांना आज विचारावेसे वाटते : मोटार विकताना खुला बाजार आणि भाग विकताना बंद दार, ही कोणती स्पर्धा? ग्राहक हा राजा असेल, तर त्या राजाच्या राजवाड्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या खिशात का? दत्तोपंत ठेंगडी यांनी आर्थिक स्वातंत्र्याचा आग्रह धरला तो परकीय भांडवलापुरता नव्हता; सामान्य माणसाला परावलंबी करणाऱ्या प्रत्येक रचनेला त्यांचा विरोध होता.

एकच भाग, दोन खोकी

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटार कंपनी आपल्या गाडीचे बहुतेक सुटे भाग स्वतः घडवीत नाही. ब्रेक, क्लच, फिल्टर, शॉक अॅब्सॉर्बर, दिवे, बेअरिंग हे सारे वेगवेगळ्या पुरवठादारांकडून येते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, नाशिकचे सातपूर-अंबड, छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज येथील शेकडो लहान-मोठे कारखाने या पुरवठ्यावर उभे आहेत. यांपैकी अनेक पुरवठादार तोच किंवा त्याच तोलाचा भाग स्वतःच्या नावाच्या खोक्यातूनही विकतात. मोटार कंपनीच्या खोक्यातला भाग महाग आणि पुरवठादाराच्या खोक्यातला स्वस्त. मधला फरक बहुतांशी छापील नावाचा. म्हणून जो ग्राहक डोळसपणे पुरवठादाराचा भाग मागतो, तो स्वतःचे पैसे वाचवतो आणि वाळूजच्या किंवा भोसरीच्या उद्योजकाला थेट ग्राहक मिळवून देतो. स्वदेशीचा याहून सोपा, याहून नित्याचा आचार दुसरा कोणता असू शकेल?

परंतु या वाटेवर एक घातक खड्डा आहे आणि तो आपणच खणला आहे. तो म्हणजे बनावट मालाचा. नामांकित उत्पादकाच्या खोक्याची हुबेहूब नक्कल करून आत निकृष्ट ब्रेक पॅड भरणारा माणूस परदेशातून येत नाही. तो आपल्याच शहरात राहतो, आपल्याच सणांना दुकानावर तोरण लावतो. ग्राहकही "ओरिजिनल हवा की चालू?" या प्रश्नाला "चालू द्या" असे उत्तर देऊन त्या पापात भागीदार होतो. निकृष्ट फिल्टरने इंजिन खराब होईल, परंतु निकृष्ट ब्रेकने माणूस जाईल. बनावट माल विकणारा देशी असला तरी तो स्वदेशीचा शत्रूच आहे, कारण देशी मालावरचा विश्वास तो पोखरतो. "भारतीय भाग नको रे बाबा" हे वाक्य घराघरांत रुजवण्याचे काम कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्याने अधिक परिणामकारकपणे केले आहे. 'चालतंय की' ही वृत्ती आणि स्वदेशी एका घरात नांदू शकत नाहीत.

खरेदीची शिस्त

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे. कार्यकर्त्याने आधी स्वतःच्या घरी आचरावी आणि मग शेजाऱ्याला सांगावी, अशी काही शिस्त येथे मांडतो.

भाग घेताना गाडीचे नाव आणि वर्ष सांगणे पुरेसे नसते. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी ब्रेक वा फिल्टर बदललेला असू शकतो. म्हणून आरसी बुकावरील चेसिस क्रमांक आणि शक्य तर काढलेला जुना भाग सोबत न्यावा. त्यावर बहुधा क्रमांक कोरलेला असतो. खोक्यावर उत्पादकाचे नाव व पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क आणि आयात माल असल्यास मूळ देशाचे नाव आहे का, हे वाचावे. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी हा अधिकार आपल्याला दिला आहे. आपण तो वापरत नाही एवढेच. बनावटगिरी रोखण्यासाठी अनेक उत्पादक खोक्यावर पडताळणीचा संकेत छापतात, तो दुकानातच तपासावा. आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट १८ टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. ही सवलत ग्राहकापर्यंत पोहोचली की मधेच जिरली, हे बिलाशिवाय कळणार कसे?

भंगार बाजारातून वापरलेला भाग घेण्यात कमीपणा नाही. दाराचा मुठा, आरसा, काच, चाकाची टोपी खुशाल घ्यावी; चांगली वस्तू पुन्हा वापरात येणे हे पर्यावरणाच्या दृष्टीनेही हिताचेच. परंतु ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि एअरबॅग यांतील काहीही वापरलेले घेऊ नये. ब्रेक पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. इंजिन ऑइल मालकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच घ्यावे. महाग तेल म्हणजे योग्य तेल असे समीकरण नाही.

स्वतः काय करावे? एअर फिल्टर, वायपर, दिवे, बॅटरीची देखभाल आणि कूलंटची पातळी एवढ्यापासून आरंभ करावा. थोडा हात बसला की ऑइल व ऑइल फिल्टर, मग स्पार्क प्लग. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. पक्के स्टँड लावावेत. काढलेले काळे तेल गटारात ओतणे हा गुन्हा आपल्या हातून घडू नये. ते डब्यात भरून गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे द्यावे. नदीची आरती करायची आणि तिच्याच नाल्यात इंजिनचे तेल सोडायचे, हा दुटप्पीपणा आपल्याला शोभणारा नाही. एअरबॅग, ब्रेकची द्रवप्रणाली आणि विजेवरच्या वा हायब्रिड गाडीतील उच्च दाबाच्या तारा यांना मात्र घरी हात लावू नये. तेथे जाणकार मेकॅनिकच हवा. स्वावलंबन म्हणजे आततायीपणा नव्हे.

हाताचा विटाळ

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. कंपन्यांनी दार लावले, हे खरे. परंतु ते दार आपण कधी ठोठावलेच नाही, हेही तितकेच खरे. आपल्या मध्यमवर्गाला हाताने काम करण्याची लाज वाटते. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असतो आणि त्याला गाडीचे चाक बदलता येत नाही. घरात दोन पदव्युत्तर माणसे असतात आणि उडालेला दिवा बदलायला गाडी सेवा केंद्रात जाते. विश्वकर्म्याची पूजा करणाऱ्या समाजाने हातात पाना धरणाऱ्याला पंगतीत खालचे पान वाढले, ही आपल्या जातिग्रस्त शतकांची देणगी आहे. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. रविवारी सकाळी हात काळे करून मेकॅनिकच्या शेजारी उकिडवे बसणे आणि त्याला गुरू मानून चार गोष्टी शिकणे ही तिची खरी परीक्षा.

आपलाच इतिहास याची साक्ष देतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक होते. बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावी परतले. १८८८ साली तेथे सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानात विक्री होई, तशी दुरुस्तीही होई. दुसऱ्याने बनवलेले यंत्र उघडून पाहता पाहता स्वतःचे यंत्र घडवण्याची विद्या आली. कडबा कापण्याचे यंत्र झाले, लोखंडी नांगर झाला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुरुस्ती ही निर्मितीची पहिली इयत्ता आहे. जो समाज दुरुस्ती विसरतो, तो आज खरेदीदार असतो आणि उद्या केवळ कर्जदार.

यावर काही सुज्ञ आक्षेप घेतील. आजच्या गाड्या संगणकांनी भरलेल्या आहेत, त्यांत घरच्या पान्याचे काय काम? आमचे उत्तर असे की, संगणक आला म्हणून चाकाचे बेअरिंग झिजायचे थांबलेले नाही आणि फिल्टर अजूनही धुळीनेच भरतो. शिवाय जी माहिती तो संगणक साठवतो, ती गाडीच्या मालकाची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली दुरुस्तीचा अधिकार कायद्यात आणला आणि २०२० साली तेथील मतदारांनी तो वायरलेस पद्धतीने जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवला. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे होऊ शकते, मग येथे ती मागणी करणारा मागासलेला कसा? दुसरा आक्षेप वेळेचा. वेळ नाही, असे म्हणणाऱ्यांनी दूरचित्रवाणीसमोर गेलेल्या तासांचा हिशेब एकदा मांडावा. महिन्यातील एक सकाळ बाप-लेकांनी, आई-मुलींनी गाडीपाशी घालवली, तर कुटुंब प्रबोधनाचा त्याहून चांगला वर्ग कोणता?

मागणे काय?

आपण निवडून दिलेल्या सरकारलाही चार गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आपुलकी असते तेथेच हक्काने बोलता येते. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश झाला. पाऊल स्तुत्य होते. परंतु संकेतस्थळ हे कायद्याची जागा घेऊ शकत नाही. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधण्याची साधने मालकाला व स्वतंत्र मेकॅनिकला वाजवी किमतीत देणे बंधनकारक करणारा दंडशक्तीसह कायदा हवा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची ज्योत लावली आणि १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आज त्याच चळवळीने हा विषय हाती घ्यावा.

दुसरे, १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा जयंतीला आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले गेले. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे. गल्लीतला मोटार मेकॅनिक त्या यादीत नव्हता. आजच्या काळातला विश्वकर्मा ज्याला म्हणावे, त्याला प्रशिक्षण, अवजारे आणि स्वस्त कर्ज मिळू नये? तिसरे, बनावट भागांवरील धाडी दिवाळीपुरत्या नकोत; ब्रेकचा बनावट भाग विकणे हा केवळ व्यापारचिन्हाचा भंग न मानता जीवघेणा अपराध मानला जावा. चौथे, १५ वर्षे झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले. धूर ओकणारी, खिळखिळी गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु गाडीचा निवाडा तिच्या प्रकृतीवरून व्हावा, जन्मतारखेवरून नव्हे. निगा राखणाऱ्याला शिक्षा आणि वापरून फेकणाऱ्याला सवलत, हा संदेश आपल्या संस्कृतीच्या विरुद्ध आहे.

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर बाबू गेनू परदेशी कापडाच्या लॉरीसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. आंबेगाव तालुक्यातल्या त्या गिरणी कामगाराने स्वदेशीसाठी प्राण दिले. आपल्याकडून आज कोणी प्राण मागत नाही. महिन्यातली एक सकाळ, थोडे काळे झालेले हात आणि दुकानाच्या पायरीवर विचारलेले दोन प्रश्न एवढेच मागणे आहे : हा भाग कोणी बनवला आणि याचे बिल कुठे आहे? आपला हात जगन्नाथ, असे आपले पूर्वज म्हणत आले. येत्या रविवारी बॉनेट उघडा, वाचकहो. आरंभ एअर फिल्टरपासून करा.